पाळणे उत्तम, रांगा उन्हात: मनोरंजन उद्यानातील आमचा एक दिवस

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलांना सुट्टी लागून बरेच दिवस झालेले असताना आणि लातूरहून नणंदेचा मुलगा राहायला आलेला असताना, आम्ही घरची सहा माणसे सोलापूर शहरापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा एका मनोरंजन उद्यानात पूर्ण दिवस घालवून आलो. मी, माझे पती, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि पंधरा वर्षांचा भाचा. उद्यानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी मी व्यवस्थापनाला लेखी दिल्या आहेत आणि त्यांना त्यांवर काम करण्याची संधी मिळायला हवी. आपल्या भागातल्या अशा कोणत्याही ठिकाणी लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला आधीच कळलेले बरे, अशा गोष्टी सविस्तर मांडाव्यात एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही सकाळी दहाला आत शिरलो आणि संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो. भाच्याला मोजमापाची आवड असल्यामुळे त्याने दिवसभर घड्याळाकडे लक्ष ठेवले होते. त्याच्या हिशेबाप्रमाणे आम्ही जे अकरा पाळणे आणि घसरगुंड्या केल्या, त्यांवर प्रत्यक्ष बसलेला वेळ चाळीस मिनिटांच्या आत होता, पाण्याच्या तलावांत आम्ही सुमारे अडीच तास होतो आणि उरलेले पाच तासांहून अधिक रांगेत, चालण्यात, जेवणाच्या खिडकीपाशी आणि लॉकरसमोर गेले. या उद्यानाने ती चाळीस मिनिटे आणि ते अडीच तास फार काळजीपूर्वक घडवले आहेत. उरलेल्या पाच तासांचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही, आणि ज्या शहरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, तिथे या पाच तासांचा विचार आधी व्हायला हवा होता.

तिकिटांपासून सुरुवात करते. बहुतेक उद्यानांप्रमाणे येथेही लहान आणि मोठे हा भेद वयावर नाही, उंचीवर ठरतो. १४० सेंटिमीटरच्या वर उंची गेली की पूर्ण तिकीट, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीचे आणि भाच्याचेही तिकीट मोठ्यांचेच लागले. पाच तिकिटे ९५० रुपयांची आणि मुलाचे एक ७५० रुपयांचे, असे ५,५०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९० रुपये, शेवटच्या पानावर वाढले आणि एकूण ६,४९० रुपये भरावे लागले. या कराबद्दल माझी तक्रार नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा उद्यानांवर तो २८ टक्के होता आणि जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणला गेला, हे लक्षात घेता पूर्वीपेक्षा बरेच सुसह्य झाले आहे. तक्रार आहे ती करासह किंमत पहिल्याच पानावर न दाखवण्याबद्दल. त्याहून खटकलेली गोष्ट प्रवेशद्वारावर कळली. ज्येष्ठ नागरिकांसाठी ६०० रुपयांचे तिकीट आहे, पण ते फक्त खिडकीवर, वयाचा पुरावा दाखवून मिळते. ऑनलाइन आरक्षणात त्याचा उल्लेखच नाही. आमचे करासह ४१३ रुपये असे गेले, आणि ‘एकदा काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत’ या पाटीकडे बोट दाखवण्यापलीकडे खिडकीवरच्या मुलीला काही करता आले नाही. ती बिचारी नम्रपणे बोलत होती, म्हणून आम्हीही वाद वाढवला नाही.

दुसरा अडथळा पिशव्यांच्या तपासणीत आला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत हा नियम आम्हाला माहीत होता आणि सामान्य परिस्थितीत तो मला मान्यही आहे. परंतु सासूबाईंना मधुमेह आहे, त्या इन्सुलिन घेतात आणि त्यांचे जेवण वेळेवर व्हावे लागते. त्यांच्यासाठी मी दोन कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि काकडी एवढेच एका डब्यात घेतले होते. सुरक्षारक्षकाने डबा खाली ठेवायला सांगितले. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, इन्सुलिनचे पेन दाखवले, तरी ‘वरिष्ठांना विचारावे लागेल’ या एका वाक्यावर आम्ही वीस मिनिटे फाटकाशी उभे राहिलो. अखेर आलेल्या पर्यवेक्षकांनी क्षणात परवानगी दिली आणि क्षमाही मागितली. ज्याला परवानगी द्यायचीच आहे त्याचा अधिकार फाटकावरच्या माणसाला दिला असता, तर सासूबाईंना सगळ्यांसमोर आपल्या आजाराचे पुरावे दाखवत उभे राहावे लागले नसते. त्या काही बोलल्या नाहीत, पण डबा परत पिशवीत ठेवताना त्यांनी तो पदराखाली झाकून ठेवला, हे माझ्या लक्षात आले आणि अजूनही ते मनातून जात नाही.

आत गेल्यावर मात्र पहिले दोन तास असे गेले की हा सगळा त्रास आम्ही विसरलो. लाटांचा तलाव मोठा आहे आणि उत्तम राखलेला आहे. खोल टोकाच्या भिंतीमागे कप्पे असतात, त्यांत मोठ्या पंख्यांनी हवा दाबायची आणि सोडायची, की कप्प्यातले पाणी खाली-वर होऊन तलावात लाट उठते. भोंगा वाजला की लाटा सुरू होणार हे सर्वांना कळते आणि त्याआधीच जीवरक्षक मुले लहानग्यांना उथळ बाजूला आणतात. मी मोजले, त्या एका तलावाभोवती सहा जीवरक्षक होते आणि त्यांतला एकही मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला नव्हता. माझा मुलगा एकदा दोरीच्या पलीकडे सरकला, तेव्हा मी हाक मारण्याआधीच शिट्टी वाजली होती. या एका गोष्टीसाठी मी या उद्यानाला मनापासून गुण देते.

पाण्याची निगाही चोख होती. तलावाजवळच्या फळ्यावर सकाळी दहाची आणि दुपारी दोनची नोंद लिहिलेली होती. आम्ही पाहिले तेव्हा पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.४ होता, आणि पोहण्याच्या पाण्यासाठी ७.२ ते ७.८ ही योग्य मर्यादा मानली जाते. क्लोरिनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन्स तयार होतात, त्यांचा तो वास असतो आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. येथे वास जवळजवळ नव्हता. उतरण्यापूर्वी शॉवर सक्तीचा होता आणि ती सक्ती खरोखर पाळली जात होती. सुती कपडे चालत नाहीत याबद्दल काही पालक रागावलेले दिसले, पण सुताचे तंतू गाळणीत अडकतात आणि रंग पाण्यात उतरतो, त्यामुळे नायलॉनचा आग्रह रास्त आहे. भाड्याचे पोशाख धुतलेले आणि कोरडे मिळाले. भाड्याने मिळणारे टॉवेल मात्र इतके विरळ होते की अंग पुसले जात नव्हते. ज्या शहराच्या चादरीला आणि टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्या शहरापासून इतक्या जवळ असे टॉवेल पाहून मला वाईट वाटले. माझे माहेर विणकामावर जगलेल्या घरांतले आहे. आमच्या गल्लीत रात्री मागाचा आवाज ऐकत आम्ही झोपत असू. व्यवस्थापनाने सोलापूरच्याच एखाद्या कारखान्यातून टॉवेल घ्यावेत, असे मी तक्रारवहीत स्वतंत्र मुद्दा करून लिहिले आहे.

सासूबाई लुगड्यावर होत्या, त्यामुळे त्यांना पाण्यात उतरता येणार नव्हते आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती. पाय तेवढे भिजवता आले असते तर बरे वाटले असते, इतकेच त्या मला हळूच म्हणाल्या. ते एका जीवरक्षकाने ऐकले. त्याने प्लास्टिकची खुर्ची आणून लाटांच्या तलावाच्या अगदी उथळ काठावर, जिथे लाट फक्त घोट्यापर्यंत येते, तिथे ठेवली आणि त्यांना हाताला धरून बसवले. लाटांच्या प्रत्येक फेरीच्या वेळी तो परत येऊन खुर्ची हललेली नाही ना, हे पाहत होता. सासूबाई तिथे पाऊण तास बसल्या. पाणी पायाला लागून मागे जात होते आणि त्या लहान मुलीसारख्या बोटे हलवत होत्या. त्या दिवसाचे जे क्षण आमच्या घरात पुन्हा पुन्हा निघतात, त्यांतला हा पहिला.

त्यांनीच थोड्या वेळाने मला विचारले, “अगं, एवढं पाणी आणतात कुठून?” सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. भीमेवरच्या उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने शहरात पाणी येते आणि तरीही आमच्याकडे नळ काही दिवसांआडच येतो. पाणी येण्याच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून घागरी मांडून बसतात. मलाही तो प्रश्न टोचत होता, म्हणून पंपघराजवळ दिसलेल्या तंत्रज्ञाला मी विचारले. त्याने न कंटाळता वाळूच्या गाळण्या दाखवल्या. तेच पाणी गाळून, क्लोरिन मिसळून पुन्हा तलावात सोडले जाते, रोज नवे पाणी भरले जात नाही. कमी होते ते बाष्पीभवनाने, लोकांच्या अंगावरून बाहेर जाणारे आणि गाळण्या उलट प्रवाहाने धुताना लागणारे. धुण्याचे पाणी झाडांना जाते, असेही त्याने सांगितले आणि नळी दाखवली. या व्यवस्थेची माहिती देणारा एक फलक तलावाशी लावला, तर अनेकांच्या मनातली टोचणी कमी होईल.

मुलीची गोष्ट सांगायला हवी. ती उंचीला घाबरते. शाळेच्या सहलीत गडाच्या बुरुजावर गेली की भिंतीला पाठ लावून उभी राहते. बंद नळीतून गोल फिरत खाली येणाऱ्या मोठ्या घसरगुंडीच्या पायथ्याशी ती तीनदा गेली आणि तीनदा परतली. चौथ्यांदा ती वर चढली, पण टोकाशी थांबली. मागच्या लोकांनी कुरकुर सुरू केली. वर असलेल्या तरुणीने रांगेला हाताने थांबवले, माझ्या मुलीला बाजूला बसवून घेतले आणि नळीत हात छातीशी बांधायचे, पाय एकमेकांवर ठेवायचे, नळीला मध्ये कुठेही फट नसल्यामुळे बाहेर पडणे शक्य नाही, हे सगळे सावकाश समजावले. नंतर ती म्हणाली, “जायचं नसेल तर मागच्या जिन्यानं उतर, कुणी काही म्हणणार नाही.” बहुधा हे वाक्य ऐकल्यामुळेच माझी मुलगी गेली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानंतर ती आणखी पाच वेळा त्याच घसरगुंडीवर गेली.

दुपारी बारानंतर दिवस पालटला. कोरड्या बाजूच्या पाळण्यांमध्ये लहान डब्यांची एक रुळांवरून धावणारी गाडी आहे, फार मोठी नाही, पण मुलाने महिनाभर तिचाच ध्यास घेतला होता. रांगेवर छत नव्हते. लोखंडी कठडे इतके तापले होते की हात ठेवता येत नव्हता. पन्नास मिनिटे उन्हात उभे राहून, पतींनी मुलाच्या डोक्यावर ओला रुमाल धरून, आम्ही फाटकाशी पोहोचलो. तिथे उंचीची पट्टी होती. किमान उंची १२० सेंटिमीटर. माझा मुलगा ११७ भरला.

नियम योग्य आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. मांडीवर येणारा दांडा ठरावीक आकाराच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मूल लहान असेल तर दांडा नीट टेकत नाही आणि झटक्यात ते खालून सरकू शकते. कोणी विनवणी केली म्हणून तीन सेंटिमीटर सोडून देणाऱ्या उद्यानात मी माझ्या मुलाला नेणारच नाही. परंतु ती पट्टी रांगेच्या शेवटी का? प्रवेशद्वारावर तिकिटासाठी मुलाची उंची मोजलीच होती. तिथेच त्याच्या मनगटावर एखाद्या रंगाची पट्टी बांधली असती, तर कोणत्या पाळण्यावर तो बसू शकतो आणि कोणत्यावर नाही, हे आम्हाला सकाळी दहालाच कळले असते. निदान रांगेच्या तोंडाशी पट्टी उभी असती, तरी सहा वर्षांच्या मुलाला पन्नास मिनिटे आशेवर उन्हात उभे करून परत पाठवण्याची वेळ आली नसती. आमच्यासमोर आणखी दोन मुले अशीच रडत परतली, म्हणजे हे रोजचेच आहे.

पाळणा चालवणाऱ्या मुलाला हे नकार देणे जड जात होते, हे दिसत होते. तो गुडघ्यावर बसला, पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, “हे बघ दोस्ता, एवढंच राहिलंय. पुढल्या वर्षी ये की, मी हाय इथंच.” मुलगा रडायचा थांबला नाही, पण मान हलवली. व्यवस्थापनाची चूक कमी पगाराच्या तरुण मुलांना दिवसभर आपल्या चांगुलपणाने भरून काढावी लागते, हे मला त्या जागी उभी असताना स्पष्ट दिसले आणि त्याचा राग मुलाच्या रडण्यापेक्षाही अधिक आला.

उन्हाचा खरा फटका पुढे बसला. पाण्याच्या भागात चपला घालता येत नाहीत आणि दोन तलावांमधली फरशी भर दुपारी तव्यासारखी तापते. काही ठिकाणी काथ्याच्या चटया होत्या, काही ठिकाणी नव्हत्या, आणि लोक एका ओल्या जागेवरून दुसरीकडे उड्या मारत जात होते. मुलाच्या तळव्यांना दोन फोड आले. तीनच्या सुमारास भाचा म्हणाला, “मामी, मला गरगरतंय.” चेहरा पांढरा पडला होता, अंगाला दरदरून घाम होता. पाण्यात असताना अंग थंड वाटते, म्हणून तहान लागल्याचे कळत नाही, पण घाम जातच असतो. सकाळपासून तो जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायला होता. यात आमचाही दोष आहे. प्रथमोपचार केंद्र कुठे आहे हे नकाशावर नव्हते. एका सफाई कामगार मावशींनी आम्हाला तिथपर्यंत नेले.

केंद्रातल्या परिचारिका अत्यंत कार्यक्षम होत्या. त्यांनी त्याला पाय वर करून झोपवले, पंखा लावला, मानेवर आणि काखेत ओले फडके ठेवले आणि ओआरएस घोट घोट पाजले. अर्ध्या तासात तो उठून बसला. त्यांनी आम्हाला एक गोष्ट नीट समजावली, ती येथे लिहून ठेवते. घाम येतो आहे, माणूस नीट बोलतो आहे, तोवर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते. पण अंग तापून लाल झाले, बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो आणि मग अंग गार करत करत विनाविलंब रुग्णालय गाठायचे असते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, एवढे करता येते. त्या दिवशी आमच्याआधी किती जण आले होते, असे मी विचारले, तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, “मे महिन्यात खुर्ची रिकामी राहत नाही.” जे व्यवस्थापनाला मे महिन्यात रोज दिसते आहे, त्यावर रांगांवर छत, चटया आणि प्रत्येक पाळण्यापाशी पिण्याचे पाणी हा उपाय करणे त्यांच्याच हातात आहे. पिण्याच्या पाण्याची केंद्रे संपूर्ण उद्यानात दोनच होती आणि त्यांतल्या एकाचे शीतयंत्र बंद होते. दुकानात मात्र २० रुपये छापलेली बाटली ४० रुपयांना होती. बसायला जागा आणि सेवा देणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीहून अधिक आकारण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे, पण खिडकीतून हातात बाटली देणारा तसे करू लागला तर ते मला मान्य नाही. ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९१५ आहे आणि मी त्यावर नोंद केली आहे.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चाळीस मिनिटे रांग, थाळी बरी, वरण गरम, पोळ्या गार. पावभाजी चांगली होती. ज्वारीची भाकरी कुठेच नव्हती, याचे मात्र आश्चर्य वाटले.

मोठी रोलर कोस्टर दुपारभर बंद होती. अशा गाडीला चढावर साखळी ओढून नेते आणि चढताना जो टक-टक आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा असतो. पुढचा सगळा प्रवास मात्र उंचीवरून उतरताना मिळालेल्या वेगावरच होतो, त्यामुळे मार्गातल्या एखाद्या संवेदकाने शंका दाखवली तरी गाडी न सोडणेच बरोबर. ती बंद ठेवल्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पण पाळण्याशी फक्त ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ अशी पाटी होती. किती वेळ, ते कोणालाच सांगता येत नव्हते. आजारातून उठलेला भाचा दर अर्ध्या तासाने चालत जाऊन पाहून येत होता. पाच वाजता ती सुरू झाली, हेही आम्हाला समोरून आलेल्या एका कुटुंबाने सांगितले. दिवसभर ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत होती. त्यावरून एक घोषणा करणे अवघड नव्हते. भाचा आणि माझे पती तिच्यावर दोनदा बसले आणि दोघांच्याही मते दिवसातला सर्वांत थरारक अनुभव तोच.

स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण अशा परीक्षणांत हा विषय बहुधा सुटतो. आठ खोल्या, त्यांतल्या तीन खोल्यांना कडी नव्हती. एकीने बाहेरून दार धरायचे आणि दुसरीने आत कपडे बदलायचे, असे सगळ्या अनोळखी बायका एकमेकींसाठी करत होत्या. कपडे टांगायला खुंट्या नव्हत्या, त्यामुळे कोरडे कपडे हातात धरून ओले उतरवावे लागत होते, आणि जमिनीवर घोट्यापर्यंत पाणी साचले होते. मघाच्या त्या मावशी एकट्याच हे सगळे आवरत होत्या. एक कडी आणि चार खुंट्या यांना किती खर्च येतो? ज्या संस्थेला लाटा निर्माण करता येतात तिला कडी बसवता येत नाही, हे मी स्वीकारू शकत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही सहाही जण आकाशपाळण्यात बसलो. सासूबाई आधी नको म्हणत होत्या, मग म्हणाल्या की गड्ड्यावर बसले होते तशी बसेन. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. ती संक्रांतीच्या सुमारास भरते, होम मैदानावर पाळणे लागतात, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि शोभेचे दारूकाम होते. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी त्यांना गड्ड्यावर पाळण्यात बसवले होते आणि तो पाळणा माणसे हाताने ढकलत होती, हे त्यांनी मुलांना वर जाताना सांगितले. वरून चहूकडे नांगरून टाकलेली काळी रानं दिसत होती. दुपारभर रुसलेला मुलगा आजीच्या मांडीवर बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “आजी, मग तुला भीती वाटली होती का?” पाळणा थांबला तेव्हा उतरायची घाई त्या दोघांनाच नव्हती.

बाहेर पडताना लॉकरची २०० रुपये अनामत परत घेण्यासाठी पस्तीस मिनिटे लागली, कारण पाच खिडक्यांपैकी एकच सुरू होती. छायाचित्रांच्या दुकानात आम्ही थांबलो नाही. सगळे मिळून त्या दिवसाचा खर्च नऊ हजारांच्या आसपास गेला.

मी तिथेच तक्रारवहीत दोन पाने लिहिली आणि त्यात जीवरक्षक, घसरगुंडीवरची तरुणी, परिचारिका आणि सफाई करणाऱ्या मावशी यांची प्रशंसाही नोंदवली. चार दिवसांनी फोन आला. बोलणाऱ्या गृहस्थांनी पुढच्या भेटीसाठी सवलत देऊ केली. सवलतीपेक्षा उंचीची पट्टी पुढे आणा आणि कड्या बसवा, असे मी त्यांना सांगितले.

पाचपैकी साडेतीन गुण मी देते. ते पाण्यासाठी, सुरक्षेसाठी आणि तिथल्या माणसांसाठी आहेत, आणि दीड गुण सावली, सूचना आणि कड्या यांपायी गेला आहे. मुले सव्वाशे सेंटिमीटरच्या पुढची असतील तर अवश्य जावे, पण मे महिन्यात नव्हे. पावसाळा सरल्यावर किंवा हिवाळ्यात दिवस धरावा. ज्येष्ठांचे तिकीट खिडकीवर काढावे, वैद्यकीय कारणासाठी डबा न्यायचा असल्यास आदल्या दिवशी फोन करून परवानगी देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, घरचे जाड टॉवेल आणि ओआरएसची पाकिटे सोबत ठेवावीत आणि दुपारी बारा ते चार कोणत्याही कोरड्या पाळण्याच्या रांगेत मुलांना उभे करू नये.

महिनाअखेरीस आमच्या शेजारचे कुटुंब तिथे जाऊन आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे उंचीची पट्टी आता रांगेच्या तोंडाशी उभी आहे आणि बायकांच्या खोल्यांना कड्या बसल्या आहेत. रांगेवर छत मात्र अजून नाही.